हजेरीपटावर नसलेल्या बाया

खंडाळा म्हटले की लोकांना लोणावळ्याजवळचे, थंड हवेचे आणि गाण्यातले खंडाळा आठवते. आमचे खंडाळा ते नव्हे. आमचे खंडाळा सातारा जिल्ह्यातले. पुण्याहून येताना नीरा नदी आणि शिरवळ ओलांडले की लागणारे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. इथून पूर्वी माणसे मुंबईला गेली आणि म्हातारपणी खोकला घेऊन परत आली. माझ्या अम्मीची थोरली बहीण, आमच्या खाला, त्यांतल्याच एक.

खालांचे लग्न मुंबईत झाले होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्या एका लहानशा गाळ्यात भट्टीवर वापरायचे हातमोजे शिवत असत. साधे कापड नव्हे. जाड, राखाडी-पांढरे, हाताला थोडे खरबरीत लागणारे, विस्तवात न जळणारे कापड. नगावर पैसे मिळत. कापड कापताना इतका भुसा उडे की संध्याकाळी ओढणी झटकावी लागे. त्या सांगत, "ओढनी झटकी तो आटे की चक्की में से आए सरीखी दिखती थी." हे त्या हसून सांगायच्या. सहा-सात वर्षांनी गाळा बंद पडला, खालूंचे काम सुटले आणि दोघे गावी आले. खाला साठीला आल्या तेव्हा त्यांना चार पायऱ्या चढवेनात. आधी क्षयाची औषधे झाली, मग दम्याची. दवाखान्यात विचारले गेले, चूल वापरता का, मिश्री लावता का. तरुणपणी काय काम करत होता, हे कोणीही विचारले नाही. २०१४ साली त्या गेल्या. मी तेव्हा बी.एड. करत होते. त्या कापडाचे नाव ॲस्बेस्टॉस, हे मला त्यांच्यानंतर कळले.

खालांना ॲस्बेस्टॉसचाच आजार होता, असे मी म्हणू शकत नाही. तो तपासलाच गेला नाही. पण त्या निमित्ताने मी या दगडाचा इतिहास वाचू लागले आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या धुळीने होणारा आजार जगाला पहिल्यांदा दाखवून दिला तो बायकांनी. आणि नोंदीतून सर्वांत आधी गळाल्या त्याही बायकाच.

ॲस्बेस्टॉस हा दगड आहे, पण त्याचे तंतू निघतात. ते कापसासारखे पिंजता येतात, सूत कातता येते, कापड विणता येते. आपल्या उर्दू-फारसी परंपरेला ही वस्तू जुनी परिचयाची आहे. मुले 'समंदर' म्हणजे सागर एवढेच जाणतात. पण फारसीत समंदर म्हणजे आगीत राहणारा, आगीने न जळणारा एक कल्पित जीव. त्याच्या कातडीचे कापड जळत नाही, मळले तर आगीत टाकून स्वच्छ करतात, अशा कथा होत्या. कथांना आधार या दगडाचा होता. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-मुकद्दसी बदख्शानच्या वर्णनात 'हजर-उल-फतीला', म्हणजे वातीचा दगड, याची नोंद करतो. तेलात भिजवून पेटवला तर वात म्हणून चालतो आणि स्वतः जळत नाही. त्याची दस्तरखाने विणतात, ती मळली की तंदुरात टाकतात. तेराव्या शतकात मार्को पोलोने लिहून ठेवले की हा कोणा प्राण्याचा भाग नव्हे, खाणीतून निघणारा पदार्थ आहे. हे त्याला कोणी सांगितले? मोठ्या खानाच्या वतीने तीन वर्षे त्या खाणी सांभाळणाऱ्या एका तुर्काने. पोथ्यांत त्याचे नाव झुर्फिकार असे येते, बहुधा जुल्फिकार. दगड कांडतात, धुतात, तंतू वेगळे करून कातत-विणतात, सगळे पोलोने सांगितले. कांडणारे आणि कातणारे हात कोणाचे, ते मात्र त्याने लिहिले नाही.

हा कौतुकाचा दगड कारखान्यात शिरला एकोणिसाव्या शतकात. वाफेची यंत्रे, बॉयलर, आगगाड्या, जहाजे आली. उष्णता अडवणारे आवरण हवे झाले. इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल हे कापड गिरण्यांचे गाव. तिथल्या टर्नर ब्रदर्सने १८७९ साली यंत्रावर ॲस्बेस्टॉसचे सूत कातायला सुरुवात केली. गिरणी कापसाची असो की दगडाची, कातणे-विणणे बायकांच्या वाट्याला होतेच. तेव्हा धुळीत उभ्या राहिल्या त्या बाया.

इंग्लंडात कारखाना तपासणीसाच्या नोकरीत स्त्रियांना प्रवेश मिळाला १८९३ साली. त्यांतल्या ल्यूसी डीन यांनी १८९८ च्या सरकारी अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल लिहिले. सूक्ष्मदर्शकाखाली ही धूळ काचेच्या तुकड्यांसारखी धारदार, दातेरी दिसते आणि खोलीतल्या हवेत ती तरंगत राहिली तर तिचे परिणाम वाईटच होणार, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका बाईने, बायकांच्या कामाकडे पाहताना, विसावे शतक उजाडायच्या आधी हे सांगितले होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे एक कामगार आला. तो सांगत होता की आपल्या खोलीत काम करणाऱ्या दहा जणांपैकी आपण एकटेच उरलो आहोत. तोही गेला. या दोन्ही नोंदी सरकारी कागदात होत्या. त्यांच्यावर पुढची तीस वर्षे धूळ बसली.

नेली कर्शॉची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. १८९१ चा जन्म. बाराव्या वर्षी शाळा सुटली, कापसाची गिरणी, तिथून काही महिन्यांत ॲस्बेस्टॉसची गिरणी. १९१७ च्या अखेरीस ती टर्नर ब्रदर्समध्ये लागली. काम कच्च्या तंतूचे सूत कातण्याचे. १९२० मध्ये धाप लागू लागली. १९२२ च्या जुलैमध्ये तिच्या डॉक्टरने ती कामास असमर्थ असल्याचे लिहून दिले आणि कारण म्हणून चक्क ॲस्बेस्टॉसच्या विषबाधेचा उल्लेख केला. इथून तिचा खरा छळ सुरू झाला. सरकारी आजार-विमा म्हणाला, हा कामामुळे झालेला आजार आहे, भरपाई मालकाकडून घ्या. मालक म्हणाला, असा आजारच कायद्याच्या यादीत नाही, आम्ही काही देणे लागत नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. तिने कंपनीला पत्र लिहून विचारले की इतके आठवडे घरी बसून आहे, एक पैसाही मिळालेला नाही, तुम्ही माझे काय करणार आहात? कंपनीने ठरवले की एकीला दिले तर पायंडा पडेल.

१४ मार्च १९२४ रोजी ती गेली. वय ३३. घरी नवरा आणि लहान मुलगी. अंत्यसंस्काराच्या खर्चालाही कंपनीने हात लावला नाही. रॉचडेलच्या दफनभूमीत तिच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता.

पण तिच्या मृत्यूची चौकशी झाली आणि डॉ. विल्यम कूक यांनी तिची फुप्फुसे तपासली. त्यांत जुन्या क्षयाचे बरे झालेले व्रण होते. साधा डॉक्टर तिथेच थांबला असता आणि कागदावर 'क्षय' लिहून मोकळा झाला असता. कूक थांबले नाहीत. फुप्फुसात भरून राहिलेले दगडाचे तंतू आणि त्यांच्याभोवती घट्ट झालेली जाळी त्यांनी पाहिली, त्यावर १९२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले आणि १९२७ च्या लेखात या आजाराला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव दिले. या आजाराचे नाव एका बाईच्या छातीतून आले.

आजार होतो कसा, हे इथेच सांगितलेले बरे. तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला बघतात, पण दगड पचत नाही. पेशी मरतात, सूज येते, सुजेचा व्रण होतो, व्रणांची जाळी होते. फुप्फुस कडक होत जाते. कोरडा खोकला, चालताना दम, बोटांची टोके फुगलेली. हा ॲस्बेस्टॉसिस. पडलेली जाळी कोणतेही औषध काढत नाही. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका कैक पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उगवतो आणि त्याला फार मोठ्या मात्रेची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आता बीजांडकोशाचा कर्करोगही निश्चितपणे या यादीत घेतला आहे. तो पुरावा आला ॲस्बेस्टॉसच्या कामावरच्या स्त्रियांकडूनच. पोटात पाणी झालेल्या म्हाताऱ्या बाईचा आजार चाळीस वर्षांपूर्वीच्या तिच्या नोकरीशी जोडून पाहणारा डॉक्टर किती ठिकाणी सापडेल?

नेलीच्या मृत्यूनंतर ब्रिटिश सरकार हलले. मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले आणि १९३० साली अहवाल दिला. चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना आजार होता. १९३१ साली नियम झाले: धूळ ओढून घेणारी यंत्रे, वैद्यकीय तपासणी, भरपाई. चांगलेच झाले. पण नियम ठरावीक खात्यांपुरते होते, आणि गिरणीच्या दारापुढे तर त्यांचा हात पोचतच नव्हता.

दाराबाहेर काय चालले होते ते १९६५ साली उघड झाले. डॉ. म्युरिएल न्यूहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा जुना वृत्तान्त खणून काढला. त्यांत नऊ जण असे निघाले की ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते, पण घरातले कोणी तिथे कामाला होते. नवांपैकी सात बायका. कामावरून आलेले कपडे झटकणे, भिजवणे, धुणे, एवढाच त्यांचा गुन्हा. शिवाय काही जण निव्वळ कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे. याच न्यूहाउस बाईंनी पुढे लंडनच्या बार्किंग भागातल्या केप कंपनीच्या कारखान्यात १९३६ ते १९४२ या काळात लागलेल्या नऊशेहून अधिक बायांची यादी घेतली आणि त्यांचे पुढे काय झाले याचा माग काढला. १९७२ साली ते प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, दोन्ही अपेक्षेपेक्षा खूप जास्त. दुसऱ्या महायुद्धात नॉटिंगहॅम आणि ब्लॅकबर्न इथे सैनिकांच्या गॅस-मास्कमध्ये निळ्या ॲस्बेस्टॉसच्या गाळण्या भरणाऱ्या मुलींचेही तेच झाले. युद्ध संपले, मुली लग्न करून गेल्या, आजी झाल्या, आणि मग आजार उगवला.

हे संशोधन कशाच्या जोरावर झाले, याचा विचार करावा. कंपनीने बायांची नावे, लागल्याची आणि सुटल्याची तारीख लिहून ठेवली होती. हजेरीपट होता म्हणून पुरावा झाला.

जिथे हजेरीपट नव्हता तिथे? केप कंपनीचा कच्चा माल येई दक्षिण आफ्रिकेतून. तिथे खाणीतून निघालेला दगड हातोडीने फोडून तंतू मोकळे करण्याचे काम काळ्या बाया करत, पाठीशी-पायाशी मुले घेऊन. मजुरी पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नावाने. वहीत बाई नाहीच. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने या लोकांना लंडनच्या न्यायालयात दावा चालवण्याची मुभा दिली आणि २००३ मध्ये तडजोड झाली, तोवर कित्येक बाया मातीआड गेल्या होत्या.

आता आपल्याकडे येऊ. ज्या रॉचडेलने नेलीला पैसा दिला नाही, तीच कंपनी १९२० साली टर्नर अँड न्यूऑल झाली आणि हिंदुस्थानात आली. १९३४ साली ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड स्थापन झाली. पुढे मुलुंडला तिचा कारखाना होता. सिमेंटचे पन्हाळी पत्रे तिथून खेडोपाडी गेले. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो, ब्रेकची अस्तरे आणि ॲस्बेस्टॉसचे कापड बनवणारी, तीही याच घराण्यातली. इंग्लंडात १९३१ पासून कायद्याने मान्य झालेला धोका मालकांना ठाऊकच होता. तो जहाजात बसून मुंबईला आला. त्याच्याबरोबर खबरदारी मात्र आली नाही.

सातारा आणि रत्नागिरी हे मुंबईला माणसे पुरवणारे जिल्हे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचातील एक कामगार स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्याच जास्त. रात्रपाळीची बंदी, १९२९ चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा, नवी यंत्रे, या सर्वांच्या निमित्ताने मालकांनी बाया कमी केल्या. स्त्रियांच्या भल्याचा कायदा झाला की मालक स्त्रीलाच घरी पाठवतो, हा अनुभव जुना आहे. मोठ्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली बाई काम करायची थांबली नाही. ती गाळ्यात गेली, ठेकेदाराकडे गेली, नगावर शिवू लागली. म्हणजे हजेरीपटावरून उतरली, धुळीतून नाही. आमच्या खाला तशाच.

अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका केली. निकाल आला २७ जानेवारी १९९५ रोजी. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमाखालचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी त्यात मांडले. आजारी ठरलेल्याला एक लाख रुपये. आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोवर जपून ठेवण्याचा आदेश. आजार चाळीस वर्षांनी उगवतो, तर कागदही चाळीस वर्षे जगला पाहिजे, हे न्यायालयाला कळले होते.

निकालाला दहा वर्षे झाली तेव्हा, २००५ साली, डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांचा मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस होता. त्याच लेखात त्यांनी नोंदवले आहे की देशात अंदाजे एक लाख कामगार या धुळीत काम करतात आणि आजवर भरपाई मिळालेले तीसांहून कमी आहेत. लाखात तीस! कारणेही त्यांनी दिली आहेत. कंपनीचे डॉक्टर दाखला देत नाहीत, बाहेरच्या डॉक्टरांना हा आजार ओळखण्याचे शिक्षण नाही. हे तरी लढू शकणारे, नोकरीचा कागद हातात असलेले कामगार होते.

कायद्याची व्याख्या पाहिली तर बाई तिच्यात बसते. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर ठेकेदारामार्फत लावलेला मजूरही 'कामगार'च होता. व्याख्या उदार होती, वही कंजूष होती. आणि लहान गाळ्याला तर कारखाना म्हणून गणलेच जाऊ नये इतकीच माणसे तिथे दाखवली जात.

ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली, युरोपीय संघाची बंदी २००५ पासून आहे. आपला देश बाहेरून पांढरा ॲस्बेस्टॉस आणून अजूनही पत्रे बनवतो. बसवलेला, न तुटलेला पत्रा फारसे काही करत नाही. तो कापताना, छिद्र पाडताना, फोडताना धूळ उडते. आमच्याकडे जुने पत्रे फोडून वाटेवर भराव म्हणून टाकतात, आणि ते फोडायला बहुधा बाईच असते. हे मी थांबवायला गेले तर लोक हसतात, मग मी पाणी मारून तरी फोडा म्हणते.

खंडाळा तालुक्यातच नायगाव आहे, सावित्रीबाईंचे माहेर. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे आजारी असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, एवढाच. फातिमाबद्दल आज जे वाद होतात, त्यांत शेवटी बोट ठेवायला जागा आहे ती या ओळीवर. खालांसाठी मी तशी एक ओळ शोधली. त्यांची ट्रंक उघडली, खालूंचे कागद पाहिले. रेशन कार्ड होते, निकाहनामा होता, क्षयाच्या औषधांचे कार्ड होते. गाळ्याचा कागद नव्हता. नगावर पैसे घेणाऱ्या बाईला कागद देतो कोण?

शिरवळ-केसुर्डीला आता औद्योगिक वसाहत आहे. सकाळी खंडाळ्याच्या नाक्यावर कंपन्यांच्या गाड्या थांबतात, त्यांत माझ्या विद्यार्थ्यांच्या आया चढतात. तिथे ॲस्बेस्टॉस आहे असे माझे म्हणणे नाही. कुठे औषधे, कुठे रंग, कुठे कपडे, कुठे सुटे भाग. बऱ्याच जणी ठेकेदाराकडून. ठेकेदार बदलला की गळ्यातले कार्ड बदलते, जुने परत घेतात. गेल्या वर्षी मी आठवीच्या मुलांना घरून लिहून आणायला सांगितले: अम्मी कुठल्या कंपनीत जातात, ठेकेदाराचे नाव काय, कोणत्या साली लागल्या, हातात कोणती वस्तू असते. वहीत तारीख घालून ते तसेच ठेवायचे, एवढा गृहपाठ. एका मुलीने पूर्ण पान भरून आणले, वेतनाच्या चिठ्ठीचा नंबरसुद्धा. बाकी पुष्कळ वह्यांत दोनच शब्द होते: "कंपनी में." त्या वह्या मी परत दिल्या आणि म्हटले, आज घरी जाऊन पुन्हा विचारा.